रुग्ण आणि त्याचा धनी

मुंबईच्या आरे दूध कॉलनीतल्या कुठल्याही युनिटमध्ये, म्हणजे म्हशींच्या गोठ्यात, गुरांचे डॉक्टर आले की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : दूध किती देते? ताप आहे का, चारा खाते का, रवंथ करते का, ही चौकशी त्यानंतर. या प्रश्नाला वैद्यकीय अर्थ आहेच. म्हशीचं दूध एकाएकी उतरलं तर कासदाहापासून घटसर्पापर्यंत काहीही असू शकतं, आणि जिला बोलता येत नाही तिची तक्रार दुधाच्या मापातूनच कळते. पण त्याच प्रश्नात दुसरा हिशोबही असतो. भर दुधातल्या म्हशीवर किती खर्च करायचा आणि आटत आलेलीवर किती, हे त्या उत्तरावर ठरतं. ते उत्तर तबेलेवाला देतो. डॉक्टरला बोलावतो तो, पैसे मोजतो तो, आणि 'आता पुरे' म्हणतो तोही तोच. म्हणजे गोठ्यात रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये तिसरा माणूस कायम उभा असतो, रुग्णाचा धनी.

माणसांच्या वैद्यकात अशी तिघांची मांडणी आपल्याला अपवादासारखी वाटते. एका ठिकाणी मात्र ती नियमच आहे, आणि ते ठिकाण म्हणजे लष्कर. सैनिकाची जखम शिवायची ती त्याला बरं वाटावं म्हणून, आणि तो पुन्हा रांगेत उभा राहावा म्हणूनही. दोन्ही हेतू बहुतेक वेळा एकाच दिशेनं चालतात, त्यामुळे काही खटकत नाही. ते फुटतात तेव्हा लष्करी डॉक्टरनं कुणाचं ऐकायचं, याचं उत्तर त्याच्या नेमणुकीच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं.

मुंबईत आधुनिक वैद्यक शिकवणाऱ्या दोन जुन्या संस्था, भायखळ्याची माणसांसाठी आणि परळची जनावरांसाठी, अशाच लष्करी पेशातल्या डॉक्टरांच्या हातून उभ्या राहिल्या. भायखळ्याची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. परळची फारशी कुणी सांगत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. जन्म १८५५चा, बाप लष्करातला पशुवैद्य. स्वतः स्टील लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, तिथंच शिकवू लागले, आणि मग लष्कराच्या पशुवैद्यक खात्यात शिरून हिंदुस्थानात आले. माणूस लिहिता होता. १८८१ साली बैलांच्या रोगांवर जाडजूड ग्रंथ, १८८५ साली मद्रासहून हत्तींच्या रोगांवर आणि त्यांच्या निगेवर पुस्तक, पुढं कुत्रा, मेंढी, उंट. शिवाय आपला सहकारी फ्रेडरिक स्मिथ याच्या जोडीनं त्यांनी १८८२च्या सुमाराला एक त्रैमासिक चालू केलं. त्याच्या नावातच भारतातलं पशुवैद्यक आणि लष्करी जनावरांचं व्यवस्थापन हे दोन विषय शेजारी शेजारी होते. १८९१ साली, पस्तिशीच्या आसपास, स्टील मुंबईतच वारले. प्राचार्यपद जेमतेम साडेचार वर्षं मिळालं. इंग्लंडच्या पशुवैद्यक संस्थेनं त्यांच्या नावानं स्मृतिपदक ठेवलं. मुंबईत त्यांचं नाव महाविद्यालयाबाहेर किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे.

पुस्तकांची ही यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट लक्षात येते. हत्ती, उंट, बैल : हे सगळे तोफा, दाणागोटा आणि तंबू वाहणारे प्राणी. कंपनीची फौज त्यांच्या पाठीवर चालत होती आणि राणीचीही. म्हणून हिंदुस्थानात पशुवैद्यक शिकवण्याचे पहिले प्रयत्न छावण्यांत झाले. पुण्याला १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, ती टिकली नाही. १८७१ साली गुरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष हॅलन हेही मुंबई फौजेतले पशुवैद्यच. शेतकऱ्याची गाय सरकारी कागदांवर आली ती लष्कराच्या घोड्याच्या मागून, आणि बरीच उशिरा.

स्टील यांचं सर्वांत महत्त्वाचं काम याच गरजेतून निघालं. १८८५ साली ब्रिटिश बर्मात वाहतुकीची खेचरं कसल्याशा तापानं पटापट मरत होती. चौकशीला स्टील गेले. रक्तात त्यांना वळवळणारा जंतू दिसला. पाच वर्षं आधी डेरा इस्माइल खान इथं ग्रिफिथ एव्हान्स या दुसऱ्या लष्करी पशुवैद्यानं सर्रा रोगानं आजारी असलेल्या घोड्यांत आणि उंटांत हाच जंतू पाहिला होता आणि रोगाचं कारण तोच असं ठामपणे म्हटलं होतं. वरच्या मंडळींनी त्याचं म्हणणं झटकून टाकलं. सस्तन प्राण्याच्या रक्तातला असा जीव रोग घडवतो, हे तेव्हा कुणाच्या गळी उतरत नव्हतं. स्टील यांनी एव्हान्सचं श्रेय मान्य करून जंतूला त्याचं नाव दिलं. कुळी मात्र चुकली. हा ताप उलटून उलटून येणारा आहे, तेव्हा माणसाच्या पुनरावर्ती ज्वरासारखाच जंतू असणार, असं त्यांनी धरलं. पुनरावर्ती ज्वरावरचा मोठा ग्रंथ १८८२ साली लिहिणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईतच ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य होते. हे तेच कार्टर, ज्यांनी ग्रेच्या शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं काढली. पुढं खेचरांच्या रक्तातला तो जंतू ट्रिपॅनोसोम ठरला, आणि त्या वर्गातला रोगकारक म्हणून ओळखला गेलेला पहिला. चावऱ्या माश्यांमार्फत तो घोड्याकडून घोड्याकडे जातो. म्हशीतही तो असतो. तिथं कधीकधी फारशी लक्षणं न दाखवता वर्षानुवर्षं राहतो आणि म्हैसच त्याचं कोठार बनते. फौजेच्या खेचरासाठी शोधलेलं ज्ञान दुधाच्या गोठ्यात असं आपसूक उपयोगी पडतं. ज्ञानाला धनी असतो तो जन्मापुरता. नंतर ते कुणाच्या हाती लागेल, यावर त्याची सत्ता चालत नाही.

परळचं कॉलेज मात्र निव्वळ लष्करी गरजेतून निघालं नाही. मुंबईत त्याला आणखी एक मूळ होतं. १८३२ साली सरकारनं भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी समाजानं दंगल केली. त्यानंतर १८३४ साली भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली, आणि तिच्या दात्यांत जमशेटजी जीजीभाई होते. त्याच जमशेटजींनी पुढं माणसांच्या मोठ्या इस्पितळाला, आपल्या जे. जे.ला, पैसे दिले. १८७४ साली जनावरांवरची क्रूरता रोखणारी संस्था आली. दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावानं परळला जनावरांचं इस्पितळ उभं केलं, आणि स्टील यांचं कॉलेज त्याच्या आधारानं वाढलं. आजही तिथले विद्यार्थी त्या इस्पितळात शिकतात.

आता पांजरपोळीचा विचार आणि फौजेचा विचार शेजारी ठेवून पाहा. पाय मोडलेल्या घोड्याला लष्करी पशुवैद्य गोळी घालतो आणि त्याला ते दयेचंच वाटतं. पांजरपोळीला त्याच घोड्याला शेवटच्या श्वासापर्यंत जगवायचं असतं, वेदनेसकट. एका ठिकाणी उपचाराची विद्या आहे, पण ती जनावराच्या उपयोगापाशी थांबते. दुसऱ्या ठिकाणी उपयोगाचा विचारच नाही, पण एकोणिसाव्या शतकात तरी विद्येचाही पत्ता नव्हता. दोघांपैकी कुणाचं बरोबर, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पांजरपोळीकडे माझा थोडा कल आहे, हे कबूल. कारण धनी नसलेल्या जनावरालाही जागा आहे, हे तिथं कुणाला सिद्ध करावं लागत नव्हतं.

भायखळ्याकडे वळू. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड, कंपनीच्या मुंबई वैद्यकीय सेवेतले सर्जन. ही सेवा मुळात फौजेसाठी होती. तिच्यातले लोक मुलकी कामाला उसने दिले जात, हुद्दे लष्करीच राहत. मोरहेड यांचा आग्रह विद्यार्थ्याला रुग्णाच्या खाटेजवळ नेण्याचा होता, आणि त्या काळी हिंदुस्थानात तो साधा आग्रह नव्हता. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. भाऊंनी पुढं गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यात वर्षं घालवली. फौजेच्या हिशोबात कुष्ठरोग्याला जागा नव्हती, पण मोरहेडच्या शिष्याच्या हिशोबात होती. संस्था घडवणाऱ्याला तिच्या पोटातून काय बाहेर पडेल हे कधीच ठरवता येत नाही, आणि हे बरंच आहे.

तरीही धनी होताच. १८६३ साली हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावरचा रॉयल कमिशनचा अहवाल आला. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते, आणि बहुतेक लढाईत नव्हे, तर बराकींत, जुलाब, पटकी आणि तापानं. या आकड्यानं सरकार हादरलं. छावण्यांची गटारं बांधली गेली, बराकी उंचावल्या, पाणी तपासलं जाऊ लागलं. छावणीच्या कुंपणाबाहेरच्या गावातही लोक त्याच पटकीनं मरत होते. पण त्यांच्या मरणाचा तोटा कुणाच्या वहीत लिहिला जात नव्हता. सैनिक मेला तर विलायतेहून दुसरा आणायचा खर्च होता. शेतकरी मेला तर खर्च त्याच्या बायकोचा. वैद्यकाची धाव तोट्याची नोंद जिथं होते तिथवर जाते, हा नियम मी या आकड्यावरून शिकलो आणि नंतर तो जागोजागी दिसत गेला.

वैद्यकाच्या या सरकारी धन्याविरुद्ध मुंबईनं एकदा ठरवून बंड केलं आहे. गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय कॉलेजसाठी पैसे देताना अट घातली की शिकवणारे सरकारी नोकरीत नसलेले, पुरेशी पात्रता असलेले हिंदी लोकच असतील. ग्रँटमधल्या मोठ्या जागा वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असत, त्यावरचं ते उत्तर होतं. १९२६ साली परळला के. ई. एम. रुग्णालय आणि गोवर्धनदासांच्या नावाचं जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि डॉ. जीवराज मेहता तिथले डीन झाले. पशुवैद्यकात असं बंड झाल्याचं दिसत नाही. परळच्याच पशुवैद्यक कॉलेजातून बाहेर पडणारे हिंदी पदवीधर गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली व्हेटर्नरी असिस्टंट म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात जात. जनावरांच्या डॉक्टरसाठी कुणी अट घालायला बसलं नाही.

विद्यापीठानंही तशीच रांग लावली. मुंबई विद्यापीठ १८५७चं. ग्रँट मेडिकल १८६० साली त्याला जोडलं गेलं. परळच्या पशुवैद्यक कॉलेजचे विद्यार्थी कितीतरी दशकं 'जी. बी. व्ही. सी.' ही कॉलेजचीच पदविका घेऊन बाहेर पडत होते. विद्यापीठाची पदवी त्यांना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मिळू लागली. पुढं १९७२ नंतर हे कॉलेज कोकण कृषी विद्यापीठाकडे गेलं, आणि २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर त्याच्याकडे. आजही एम. बी. बी. एस. हुकलं म्हणून इकडे आलेली मुलं वर्गात भेटतात आणि घरचे नातेवाइकांना सांगताना जरा आवाज खाली घेतात. बैल, घोडा, म्हैस, कोंबडी, कुत्रा, हत्ती एवढ्या शरीरांची रचना पाठ करणाऱ्याला एकाच शरीराची रचना शिकणाऱ्यापेक्षा कमी मान. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, हे नवल.

आणि आता आरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची टंचाई आणि भेसळ दोन्ही वाढल्या. शहराच्या पोटात, चाळींना लागून, हजारो म्हशींचे तबेले होते. शेण, मूत, माश्या आणि पाणी घातलेलं दूध. मुंबई सरकारचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी उपाय काढला : म्हशी शहराबाहेर न्यायच्या. गोरेगावला सुमारे १,३०० हेक्टर जमीन घेऊन १९४९ साली वसाहत उभी राहिली आणि १९५१च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. सरकारनं तीसच्या आसपास युनिटं बांधली आणि मालकांनी आपल्या म्हशी तिथं ठेवल्या. सुमारे १६ हजार जनावरांची सोय झाली. धुवणाच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवलं गेलं आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर आले. खुरोडींना १९६३ साली व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परळच्या कॉलेजचं दुसरं आवार आणि जनावरांचा फार्म याच आरेत आला. लष्करी बैलाच्या पाठीवरून निघालेली विद्या इथं दुधाच्या बाटलीपाशी पोचली.

आरेची म्हैस शहरातल्या म्हशीपेक्षा नक्कीच सुखी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिला उजेड होता, वारा होता, लस वेळेवर मिळत होती. पण हिशोब तोच राहिला. गुजरात-हरियाणातून महागड्या म्हशी आणायच्या, एक वेत काढायचं, दूध आटलं की त्या इथं पोसणं परवडत नाही. रेडकू झालं तर त्याला पाजायला लागणारं दूध बाजारात अधिक किमतीचं, तेव्हा ते जगेल याची फार फिकीर कुणी करत नाही. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग पूर्वी तिनं पान्हा सोडावा म्हणून फुंक्याचा, म्हणजे तिच्या अंगात हवा फुंकण्याचा, क्रूर प्रकार चाले. १८९०च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला. आता मुंबईच्या तबेल्यांत त्याची जागा ऑक्सिटोसिनच्या सुईनं घेतली आहे. फुंक्याला डॉक्टर लागत नव्हता. सुईचं औषध पशुवैद्यकानंच दिलेलं आहे, बाळंतपणात अडलेल्या जनावरासाठी. रोज दोन वेळा टोचायला ते कुणी काढलं नव्हतं.

मग शेवटचा कागद येतो. १९७६च्या राज्याच्या प्राणी रक्षण कायद्याप्रमाणे म्हैस कत्तलीला न्यायची तर ती दूध, ओझं आणि पैदास यांसाठी किफायतशीर राहिलेली नाही, असा दाखला लागतो. तो देताना पशुवैद्य जनावर तपासतो. म्हैस आजारी असायची गरज नाही. ती ठणठणीत असली तरी चालतं. लष्करात मेडिकल बोर्ड सैनिकाला 'अनफिट' ठरवतं, तेव्हा तो पेन्शन घेऊन गावी जातो, शेती बघतो, नातवंडं खेळवतो. धन्याच्या उपयोगाचा नाही म्हणून त्याचं आयुष्य संपत नाही, कारण त्याला धन्याबाहेरही आयुष्य आहे. म्हशीला ते नाही. देवनारच्या कत्तलखान्याच्या दाराशी वैद्याची सही धन्याच्या वहीला जोडली जाते, आणि ही सही करणारा त्याच पेशातला असतो, ज्यातल्या कुणी सहा महिन्यांपूर्वी तिचा कासदाह बरा केला होता. त्याला दोष देता येत नाही. त्यानं नियमाप्रमाणेच केलेलं असतं. म्हणूनच ते जास्त खुपतं.

पण धन्याच्या वहीतून बाहेर पडल्याशिवाय ही विद्या यशस्वीही होत नाही, याचा एक मोठा दाखला आहे. गुरांच्या साथीचा रोग, बुळकांडी. १८७१चा आयोग तिच्यासाठीच होता. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, पुढं ती कुमाऊँच्या मुक्तेश्वरला गेली. १९२०च्या दशकात तिथं शेळीत वाढवून सौम्य केलेली लस तयार झाली. तरी रोग हटला नाही. कारण किमतीच्या जनावरांना टोचायचं आणि बाकीच्यांना सोडायचं, असं चालत होतं. बुळकांडीला किंमत कळत नाही. ती धनगराच्या हडकुळ्या गाईतून जमीनदाराच्या खिलार जोडीकडे जाते. १९५४ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि पुढची चाळीस वर्षं टोचणारे पायी पाड्यापाड्यांवर फिरले. ज्या गुरांना टोचण्याचा खर्च गुरांच्या किमतीपेक्षा जास्त होता, त्यांनाही त्यांनी टोचलं. १९९५ नंतर देशात रोगी जनावर सापडलं नाही. २००६ साली भारत मुक्त ठरला आणि २०११ साली जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. एवढ्या मोठ्या विजयाची शाळेच्या पुस्तकात ओळही नाही, आणि तो मिळवणारे बहुतेक तालुक्याच्या दवाखान्यातले होते.

आरेच्या जंगलात दोन डझनांहून जास्त आदिवासी पाडे आहेत. बहुतेक वस्ती वारल्यांची, युनिटं येण्याच्या कितीतरी आधीची. म्हशींसाठी वीज, पाणी, डांबरी रस्ता आणि डॉक्टर १९५१ सालीच हजर झाले. शेजारच्या कित्येक पाड्यांवर वीज आणि नळ पोचायला पुढची कैक दशकं गेली. कुणी दुष्टपणानं ठरवून असं केलं, असं मी म्हणत नाही. म्हशीच्या आजारपणाचा तोटा दूध योजनेच्या वहीत रोज लिहिला जात होता. पाड्यावरच्या तापाची वही नव्हती. छावणी आणि गाव यांच्यातलं जुनं कुंपण इथं गोरेगावात गोठ्याभोवती उभं राहिलं, एवढाच फरक.

याच जंगलात बिबट्या आहे. तो कुणाच्या मालकीचा नाही. कायद्यानं सरकारचा म्हणायचा, पण सरकारला त्याच्यापासून दूध मिळत नाही की ओझं वाहून मिळत नाही. २०२१च्या पावसाळ्याअखेरीस आरेत माणसांवर लागोपाठ हल्ले झाले. वनखात्यानं पिंजरे लावले, बिबट्या पकडला गेला. अशा वेळी पशुवैद्य लांबून अंदाजानं वजन ठरवून भुलीची मात्रा भरतो. कमी पडली तर जनावर उठतं, जास्त झाली तर उठत नाही. हे हात परळसारख्याच एखाद्या कॉलेजात तयार झालेले असतात. डॉक्टरचं निदान काहीही असो, प्राणी परत सोडायचा की जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचा, हा निर्णय होतो तेव्हा बाहेर घाबरलेली वस्ती असते, कॅमेरे असतात, नगरसेवक असतात. धनी नसलेल्या रुग्णाला एकदम इतके धनी मिळतात. या गर्दीत डॉक्टरचं म्हणणं शेवटचं असावं असा माझा हट्ट नाही, कारण रात्री पाड्यावरून पोर उचललं जाण्याची भीती त्याच्या घरी नाही. पण ते आधी ऐकलं जावं आणि लेखी नोंदवलं जावं. जखमी सैनिक मागं न्यायचा की नाही हे ठरवताना सेनापतीलाही सर्जनचा अहवाल मागवावा लागतो.